कलप : वऱ्हाडातील घरगुती रीत

कलप म्हणजे केस, दाढी वा मिशी काळी करण्यासाठी लावायचा रंग. अमरावती-अकोल्याकडे बोलताना 'डाय लावणे' किंवा 'केस काये करणे' म्हणतात. 'कलप' आता जुन्या माणसांच्या तोंडी आणि छापील मजकुरातच जास्त. वऱ्हाडात हे मुख्यतः घरचे काम आहे. लगीनसराईच्या तोंडावरचा रविवार, मोरीजवळ टाकलेला पाट, अंगावर फाटकी बनियान, प्लास्टिकच्या वाटीत कालवलेला रंग आणि दात घासून झिजलेला ब्रश एवढ्यावर ते भागते. रंग चढवायला फारसे कौशल्य लागत नाही. या भागात अवघड आहे ते तो टिकवणे, आणि त्याचे कारण पुडीपेक्षा पाण्यात अधिक आहे.

जुन्या रीती : केस काळे करण्याची कृती सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, गंधयुक्तीच्या प्रकरणात आली आहे. लोखंडी भांड्यात आंबट द्रवात कोद्रवाचे तांदूळ लोहचूर्णासह शिजवावेत, बारीक वाटून डोक्याला लावावेत, वरून ओली पाने गुंडाळावीत आणि दोन प्रहरांनी ते काढून आवळ्याचा लेप द्यावा, असे तिथे सांगितले आहे. कोद्रव म्हणजे कोदो; कोदो-कुटकी मेळघाटात आजही पिकते, पण ती खाण्यासाठी. कृतीतला लोखंड-आवळ्याचा भाग मात्र घरोघरी टिकून आहे. आवळकाठी रात्रभर लोखंडी कढईत भिजवली की सकाळी पाणी काळेभोर होते. आवळा-हिरड्यातील टॅनिन आणि लोह यांच्या संयोगाने हा रंग तयार होतो. पूर्वी शाईही याच तत्त्वावर बनत असे. हा काळेपणा केसाच्या पृष्ठभागावर बसतो, आत फारसा शिरत नाही. म्हणून तो डागाडागांनी चढतो आणि चार-दोन न्हाण्यांत उतरतो. माक्याच्या तेलाने पांढरे केस काळे होतात हा समज सर्वत्र आहे. तेलाने केस मऊ आणि किंचित गडद दिसतात, पिकलेला केस काही काळा होत नाही. बिब्ब्याचा डाग कपड्यावरून जात नाही म्हणून तो केसांना लावण्याचा विचार कुणी करू नये. त्याच्या तेलाने कातडीला फोड येतात.

मेंदी आणि नीळ : मेंदीच्या पानातील लॉसोन हे द्रव्य केसातील केराटिनला घट्ट धरते, त्यामुळे मेंदीचा रंग टिकाऊ असतो, पण पांढऱ्या केसावर तो नारिंगी-तांबडाच येतो. अचलपूर, बाळापूर, अकोट या गावांत वडीलधाऱ्या मुसलमान पुरुषांच्या मेंदी लावलेल्या दाढ्या याच रंगाच्या दिसतात. निव्वळ काळा रंग धर्माने अनेकांना नको असतो, त्यामुळे त्यांचे काम मेंदीवर भागते. काळा हवा असेल तर मेंदी धुऊन झाल्यावर निळीच्या पानांची पूड लावावी लागते. मेंदी काही तास भिजवायची, नीळ मात्र कोमट पाण्यात कालवून लगेच वापरायची, कारण ठेवली की तिचा जोर जातो. धुतल्यावर केस हिरवट दिसले तर घाबरून पुन्हा लेप देऊ नये. हवेतील ऑक्सिजनने निळीचा रंग एक-दोन दिवसांत गडद होतो. तोवर शाम्पू टाळावा. 'काळी मेंदी' म्हणून विकली जाणारी पूड ही वेगळी गोष्ट आहे. तिचा काळेपणा मेंदीचा नसतो, रासायनिक रंगाचा असतो.

रासायनिक कलप : त्या रंगाचे नाव पॅरा-फेनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी. १९०७ मध्ये यूजेन श्युलेर या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने कृत्रिम केशरंग बनवून पॅरिसच्या केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली. त्याच्या धंद्यातून पुढे लॉरिआल कंपनी उभी राहिली. आपल्याकडे गोदरेजची पुडी आणि वास्मोलची बाटली खेड्यातल्या किराणा दुकानापर्यंत पोचली. पीपीडीचे लहान रेणू केसात शिरतात, तिथे ऑक्सिजन मिळाला की एकमेकांना जुळून मोठे होतात आणि आतच अडकतात. पुडीत ऑक्सिजन देणारा क्षार आधीच मिसळलेला असतो, म्हणून ती साध्या पाण्यात कालवली की काम सुरू होते; क्रीमच्या पाकिटात त्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड वेगळे दिलेले असते. कालवलेला रंग उरला तर टाकून द्यावा. बाटलीत बूच लावून ठेवल्यास वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते. भांडे काचेचे किंवा प्लास्टिकचे घ्यावे, लोखंडी कढई इथे चालत नाही. कपाळाच्या कडेला आणि कानामागे खोबरेल तेल चोपडले की कातडीवर डाग धरत नाही.

पाणी : पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव या बाजूच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात सोडियमसह अनेक क्षार असतात. अमरावती शहराला ऊर्ध्व वर्धा धरणाचे आणि अकोल्याला काटेपूर्णेचे गोडे पाणी मिळते, पण नळ काही दिवसांआड येत असेल तर अंघोळ बोअरवरच होते. केसाला किंचित आम्लता मानवते. अल्कधर्मी पाण्यात त्यावरचे खवले उघडतात आणि आतला रंग निसटू लागतो. त्यात जड पाण्याला फेस येत नाही, म्हणून माणूस शाम्पू दुप्पट ओततो किंवा हाताशी असलेला कपड्याचा साबण डोक्याला फासतो, आणि उरलासुरला रंगही मोरीत जातो. पुडी डुप्लिकेट निघाली ही नेहमीची तक्रार बहुतेक वेळा या साबणाची असते. आपले पाणी कसे आहे हे पाहायला प्रयोगशाळा नको. कूलरच्या जाळीवर पांढरी खपली धरत असेल तर ते जड आहे.

अशा घरी रंग कालवायला आणि शेवटचा हात फिरवायला आरओच्या कॅनमधले किंवा छतावरून साठवलेले पावसाचे पाणी वापरावे. सारे न्हाणे त्याने करायची गरज नाही, शेवटचे दोन-तीन मग पुरतात. त्यातल्या एका मगात चमचाभर लिंबाचा रस टाकला तर खवले मिटायला मदत होते. पाणी उकळून काही प्रकारचा जडपणा जातो, खारेपणा जात नाही. तुरटीने तर फक्त गाळ बसतो. रिठा आणि शिकेकाई किंचित आम्लधर्मी असल्याने साबणापेक्षा बऱ्या. रंगवल्यानंतर दोन दिवस डोके न धुणे आणि पुढे आठवड्यातून दोनदाच धुणे एवढ्यानेही मोठा फरक पडतो. मेमध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो. त्या उन्हात कृत्रिम रंग तांबूस पडतो, आणि लू टाळायला डोक्याला बांधलेला दुपट्टा वा स्कार्फ रंगही वाचवतो. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढत असल्याने मुळाशी पांढरी रेघ येणारच. तेवढ्या मुळांनाच रंग लावावा. दर वेळी टोकांपर्यंत ओढला की टोके राठ होतात.

धोके : पीपीडीची ॲलर्जी वर्षानुवर्षे वापरणाऱ्यालाही अचानक होऊ शकते. रंगवण्याच्या ४८ तास आधी कानामागे थोडा रंग लावून पाहण्याची सूचना पुडीवर असते आणि जवळजवळ कुणीच ती पाळत नाही. खाज, पुरळ किंवा पापण्यांना सूज आली तर तो रंग कायमचा सोडावा. काळ्या मेंदीनेही तोच त्रास होतो. भुवया आणि पापण्यांना हा रंग लावल्यास डोळे जाऊ शकतात, असा इशाराही वेष्टनावर छापलेला असतो. केशरंग पोटात गेल्यास चेहरा व घसा सुजून श्वास कोंडतो, पुढे स्नायू आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यावर नेमका उतारा नाही. मीठ-पाणी पाजून उलटी करवण्यात वेळ घालवू नये. अमरावतीत इर्विन, अकोल्यात सर्वोपचार किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठावे आणि रिकामी बाटली वा पुडी डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत न्यावी.