गॅलिलिओचे वडील आणि ल्यूटचे पडदे

मंडळी, गॅलिलिओ कोण हे शाळेतले पोरही सांगेल. पण त्याच्या वडिलांचे नाव विचारले तर सगळा वर्ग गप्प! व्हिन्चेन्झो गॅलिली हे इटलीतले नावाजलेले ल्यूटवादक. हल्ली त्यांच्याविषयी वाचत होतो, म्हटले तुम्हालाही सांगावे.

ल्यूट हे अरबी ऊदचे युरोपातले वंशज. पपई उभी चिरावी तसे पोट, जोडीजोडीने लावलेल्या तांतीच्या तारा, आणि दांडीवर तांतीचेच पडदे. हे पडदे बांधलेले असल्यामुळे आपल्या सतारीसारखे सरकवता येतात. हवा बदलली की तांत बदलते आणि सूर जातो. मॅटेसन नावाच्या जर्मन संगीतकाराने १७१३ साली थट्टा केली होती, की ऐंशी वर्षांच्या ल्यूटवाल्याची साठ वर्षे तारा जुळवण्यातच गेलेली असतात!

हवेचा त्रास एक वेळ परवडला. खरी अडचण गणितातच होती. सोळाव्या शतकातल्या सहा जोड्यांच्या ल्यूटवर शेजारच्या तारांमध्ये चारदा सा-म चे अंतर (४/३) आणि मधे एकदा सा-ग चे (५/४). पहिल्यापासून शेवटच्या तारेपर्यंत बरोबर दोन सप्तके, म्हणजे चौपट व्हायला हवी. आता गुणून पाहा. उत्तर येते ३२०/८१. चौपट म्हणजे ३२४/८१. शेजारणी एकमेकींशी अगदी सुरात लावल्या, की टोकाच्या दोघी बेसूर! यात कानाचा दोष नाही, खुंट्यांचाही नाही. शिवाय पडदा सगळ्या तारांखालून आडवा जातो. एकीच्या सोयीने सरकवला की दुसरी रुसते.

व्हिन्चेन्झोंनी १५८१ च्या आपल्या ग्रंथात एक सुटसुटीत नियम दिला. तारेचा अठरावा भाग मोजून पहिला पडदा बांधा, उरलेल्या लांबीचा अठरावा भाग मोजून दुसरा, असे पुढे पुढे. सगळे अर्धस्वर सारखे. बाराव्या पडद्याला तार निम्मी उरायला हवी, ती किंचित जास्त उरते. पण पडद्यावर दाबताना तार ताणली जाते, सूर थोडा चढतो, आणि तूट बरीचशी भरून निघते. कागदावर चुकणारे गणित लाकडावर जमते ते असे.

याची किंमत मात्र मोजावी लागते. प्रत्येक तारेला थोडी शुद्धता सोडावी लागते. आपल्या पेटीतही साधारण अशीच सम वाटणी असते, म्हणून तंबोऱ्याशेजारी तिचा शुद्ध गंधार जरा चढा लागतो.

व्हेनिसचे झार्लिनो हे त्यांचे गुरू, शुद्ध गुणोत्तरांचे कट्टर पुरस्कर्ते. शिष्याने त्यांच्याशी उघड वाद घातला. पायथागोरसच्या नावावर एक गोष्ट शेकडो वर्षे चालत आली होती, की तारेला दुप्पट वजन टांगले की वरचा सा मिळतो. व्हिन्चेन्झोंनी वजने टांगून पाहिली आणि १५८९ साली छापले, की दुप्पट नव्हे, चौपट लागते! तेव्हा गॅलिलिओ पंचविशीत होता. पुस्तकातले वाक्य करून पाहायचे असते हे त्याने घरातच पाहिले असावे, असे काही इतिहासकार मानतात. मला ते पटते.

असो. घरी नातवंडे असतील तर एक तार, एक किलोचे वजन आणि चार किलोचे वजन घ्या. उत्तर आधी सांगू नका, त्यांनाच ऐकू द्या.