बॅटरीची राखणदार चिप

यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यात औद्योगिक वसाहत आहे आणि वसाहतीपलीकडे कपाशी व सोयाबीनची शेती आहे. या पट्ट्यातील एकाच मोबाइलला दिवसभरात चार ठिकाणची वीज मिळू शकते: घरी भिंतीवरच्या चार्जरची, कार्यालयात संगणकाच्या यूएसबी सॉकेटची, प्रवासात मोटारीतील ॲडॉप्टरची आणि शेतावर सौर पॅनेलची. या चारही स्रोतांचा स्वभाव वेगळा. बॅटरी मात्र एकच आणि तिच्या अटी ठरलेल्या. या दोहोंच्या मध्ये नखाहूनही लहान अशी एक वीज-व्यवस्थापन चिप बसलेली असते. स्रोत किती देऊ शकतो, उपकरणाला आत्ता किती हवे आणि बॅटरी किती झेपवू शकते, या तीन प्रश्नांची उत्तरे ती सतत शोधत असते.

बॅटरीच्या अटी

लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली सोनी कंपनीने प्रथम बाजारात आणली. तिच्या मूलभूत संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी वजनाने हलकी आणि साठवणुकीत सरस असली, तरी चार्जिंगच्या बाबतीत ती फार काटेकोर आहे. तिच्या प्रचलित प्रकारातील एक सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरतो. त्यापुढे रेटल्यास सेलचे आयुष्य घटते आणि आग लागण्याचा धोका वाढतो. म्हणून चार्जिंगच्या चिपला हा आकडा साधारण एक टक्क्याच्या आत सांभाळावा लागतो.

चार्जिंग तीन टप्प्यांत होते. बॅटरी अगदीच उतरलेली, म्हणजे सुमारे ३ व्होल्टच्या खाली असेल, तर चिप आधी क्षमतेच्या एक दशांश इतका अल्प प्रवाह देते. सेल सावरला की दुसऱ्या टप्प्यात ठरावीक, मोठा प्रवाह सुरू होतो. बहुतांश बॅटरी याच टप्प्यात भरते. व्होल्टेज ४.२ ला पोहोचले की तिसरा टप्पा येतो. त्यात व्होल्टेज स्थिर राहते आणि प्रवाह हळूहळू ओसरतो. तो पुरेसा कमी झाला की चिप चार्जिंग थांबवते. ‘ऐंशी टक्के झटपट झाली, शेवटची वीस टक्के का रेंगाळली?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर या तिसऱ्या टप्प्यात आहे.

स्रोताची ओळख

तार जोडताच चिपचे पहिले काम असते समोरच्याची ऐपत जाणून घेणे. जुन्या यूएसबी नियमानुसार संगणकाकडून सुरुवातीला १०० मिलिॲम्पिअर आणि परवानगी मिळाल्यावर ५०० मिलिॲम्पिअर एवढाच प्रवाह घेता येत असे. २०१० च्या सुधारित नियमाने ही मर्यादा दीड ॲम्पिअरपर्यंत नेली. केवळ चार्जिंगसाठी असलेल्या भिंतीवरच्या चार्जरमध्ये माहिती वाहणाऱ्या दोन तारा आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. त्या जोडणीवरून चिप ओळखते की समोर संगणक नाही, चार्जर आहे. टाइप-सी जोडणीत हेच काम एका छोट्या रोधकाच्या मूल्यावरून होते आणि ३ ॲम्पिअरपर्यंतची ग्वाही मिळते. त्याच जोडणीत ‘पॉवर डिलिव्हरी’ पद्धतीने दोन्ही बाजूंच्या चिप संदेशांची देवाणघेवाण करून व्होल्टेज ठरवतात. २०२१ पासून या पद्धतीची कमाल मर्यादा २४० वॉट आहे.

काही स्रोत मात्र आपली ओळख सांगतच नाहीत. अशा वेळी चिप प्रवाह हळूहळू वाढवत नेते आणि आत येणाऱ्या व्होल्टेजवर लक्ष ठेवते. ते साडेचार व्होल्टच्या आसपास घसरले की स्रोताची ताकद संपली असे समजून ती तिथेच थांबते. तार निकृष्ट असली तरी हेच घडते. एखाद्या बारीक तारेचा रोध ०.३ ओहम असेल, तर २ ॲम्पिअर प्रवाहाला ०.६ व्होल्ट तारेतच खर्च होतात. ५ व्होल्टचे ४.४ व्होल्ट उरतात आणि चिप प्रवाह कमी करते. चार्जर चांगला असूनही मोबाइल सावकाश भरतो, तेव्हा पुष्कळदा दोष तारेचा असतो.

उन्हाची वीज

सर्वांत लहरी स्रोत म्हणजे सौर पॅनेल. ‘१२ व्होल्ट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ३६ सेलच्या पॅनेलवर भार नसताना २१ ते २२ व्होल्ट दिसतात. सर्वाधिक वीज मात्र १७ ते १८ व्होल्टच्या आसपास मिळते. त्याहून अधिक प्रवाह ओढू गेल्यास व्होल्टेज एकदम कोसळते आणि हाती येणारी वीज उलट घटते. म्हणून सौर चार्जिंगची चिप व्होल्टेज ठरावीक पातळीखाली घसरू देत नाही. अधिक प्रगत चिप हा सर्वाधिक विजेचा बिंदू सतत शोधत राहते, कारण ढग आला, ऊन कलले की तो बिंदू सरकतो. तो उन्हाळ्यातही सरकतो. पॅनेल तापले की दर अंशाला त्याचे व्होल्टेज सुमारे ०.३ टक्क्याने उतरते. २५ अंशांवर मोजलेले पॅनेल मे महिन्यात ६५ अंशांपर्यंत तापले, तर ही घट १२ टक्क्यांच्या घरात जाते.

विदर्भात या विजेला व्यवहारात मोल आहे. कृषी वाहिन्यांवर दिवसा आठ किंवा रात्री दहा तास अशा पाळ्यांमुळे रात्रीचे ओलित आणि हातातील बॅटरी यांची जोडी शेतकऱ्याला नवी नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली. अभ्यासासाठी दहा लाख सौरदिवे विद्यार्थ्यांच्या हाती देण्याचा आयआयटी मुंबईचा उपक्रमही याच वाटेवरचा होता.

दोन स्रोत एकाच वेळी

एकाहून अधिक स्रोत जोडले, तर चिप त्यांचा अग्रक्रम लावते. सामान्यतः अधिक सबळ स्रोताला पहिला मान मिळतो. प्रत्येक वाटेवर इलेक्ट्रॉनिक झडप असते. तिच्यामुळे एका स्रोताची वीज दुसऱ्यात उलटी शिरत नाही आणि रात्री बॅटरीतील वीज पॅनेलमधून परत वाहून जात नाही.

आलेल्या विजेवर पहिला हक्क उपकरणाचा असतो. उरलेली बॅटरीला मिळते. संगणकाकडून ५ व्होल्ट आणि ५०० मिलिॲम्पिअर, म्हणजे अडीच वॉट येत असतील आणि नकाशा पाहताना मोबाइल ३ वॉट वापरत असेल, तर तूट बॅटरी भरून काढते. चार्जिंगला लावलेला असूनही मोबाइल उतरताना दिसतो, तो असा.

उष्णतेचा प्रश्न

साध्या पद्धतीची चिप जास्तीचे व्होल्टेज उष्णतेत घालवते. ५ व्होल्टच्या स्रोतातून ३.७ व्होल्टच्या बॅटरीला १ ॲम्पिअर देताना १.३ वॉट वाया जातात. स्विचिंग पद्धतीची चिप वीज लाखो वेळा चालू-बंद करून व्होल्टेज उतरवते, म्हणून ती कमी तापते. मोठ्या प्रवाहासाठी हीच पद्धत वापरावी लागते.

बॅटरीचे तापमान मोजण्यासाठी तिच्याजवळ थर्मिस्टर बसवलेला असतो. सर्वसाधारणपणे शून्य ते ४५ अंश सेल्सिअस ही चार्जिंगची सुरक्षित मर्यादा मानली जाते. त्यापलीकडे चिप प्रवाह वा व्होल्टेज कमी करते किंवा चार्जिंग थांबवते. विदर्भातील मे महिन्यात हवाच ४५ अंशांच्या आसपास असते. अशा वेळी उन्हात पॅनेलशेजारी ठेवलेला मोबाइल चार्ज होईनासा झाला, तर तो बिघडला असे समजू नये. पॅनेल उन्हात आणि मोबाइल सावलीत ठेवला की काम पुन्हा सुरू होते.

चिपला फसवू नये

कपाशीवर चालणाऱ्या बॅटरीच्या फवारणी पंपांत बहुधा १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी असते. तिचा चार्जर १४.४ व्होल्टपर्यंत भरतो आणि नंतर साधारण १३.६ व्होल्टवर तिला धरून ठेवतो. ती बॅटरी संपल्यावर वजनाला हलकी म्हणून लिथियमची बसवण्याचा मोह होतो, आणि खरा धोका इथेच आहे. तीन लिथियम-आयन सेलची बॅटरी १२.६ व्होल्टला पूर्ण भरते. जुन्या चार्जरचे १४.४ व्होल्ट म्हणजे प्रत्येक सेलवर ४.८ व्होल्ट. बॅटरीतील संरक्षक पट्टीने वेळीच वीज तोडली नाही, तर पेट घेण्याची शक्यता असते. याउलट लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारच्या चार सेलची बॅटरी १४.६ व्होल्टपर्यंत भरते आणि ती या चार्जरला जवळपास जुळते. बॅटरीवर नुसते ‘लिथियम’ लिहिलेले असणे म्हणूनच पुरेसे नाही. प्रकार आणि सेलची संख्या पाहावी लागते.

पॅनेलच्या तारा नियंत्रकाला वगळून थेट बॅटरीला जोडणे, थर्मिस्टरची तार तोडून तिथे साधा रोधक लावणे, हे उपायही त्याच माळेतले. चिपला जे मोजता येते तेवढ्याचीच राखण ती करते. तिच्या मोजमापाची तार तुटली की वीज वाहत राहते, पण तिच्यावर पहारा उरत नाही.