एक-तीन-चार-दोन

घनसावंगीत उर्दू शाळेत शिकवताना एक गोष्ट आम्हांला नेहमी खटकत आली. सातवी-आठवीत बाकावरून उठून गेलेला मुलगा पुढे गॅरेजात भेटतो. हात काळे आणि तोंडी ‘उस्ताद’. तिथे तो जे शिकतो त्याचा इतिहास आपण लिहिलेला नाही.

हा मुलूख निजामाचा. 1932 साली निजाम सरकारच्या रेल्वेने 27 गाड्यांनिशी बससेवा सुरू केली. त्याच काळात हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात इंजिनिअरिंग उर्दूतून शिकवले जाई. परिभाषा घडवण्यासाठी वेगळा भाषांतर विभाग होता. म्हणजे यंत्रांचे शास्त्र आपल्या भाषेत एकदा येऊन गेले! 1948 नंतर ते माध्यम गेले. आमच्या गॅरेजात त्यातला एकही शब्द आम्हांला सापडला नाही. तिथे ‘टायमिंग’, ‘पॉइंट’, ‘क्रँक’.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली एक जुनी पद्मिनी आमच्यासमोर खोलली गेली. इंजिन परत बांधताना खरी परीक्षा टायमिंगची. क्रँक दोन फेरे फिरतो तेव्हा कॅम एक फिरतो. म्हणून दोन्ही चाकांच्या खुणा जुळवूनच साखळी चढवायची. मग एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा. उस्ताद म्हणाले, “हवा अंगूठे कू ढकली तो समझो, एक नंबर उप्पर आया.” पुलीची खूण जुळवायची, डिस्ट्रिब्युटर बसवायचा, वायरी एक-तीन-चार-दोन अशा लावायच्या. पॉइंट नेमका कधी उघडतो ते बल्ब लावून पाहायचे.

आमच्या जुन्या विद्यार्थ्याने अंगठा न लावताच डिस्ट्रिब्युटर बसवला. पिस्टन वर होता खरा, पण धूर बाहेर टाकण्याच्या फेऱ्यात! गाडी सुरू होईना, कार्बोरेटरमधून फटाके. उस्तादांनी मारले नाही, रागावलेही नाहीत. सगळे काढून पुन्हा लावायला लावले.

‘दोन फेरे का?’ असे आम्ही विचारले. मुलगा गप्प. आम्ही खडूने फरशीवर वर्तुळ काढले. दोन फेऱ्यांचे 720 अंश, सिलिंडर चार, म्हणजे दर 180 अंशांना एक ठिणगी. तो बराच वेळ बघत राहिला. “सर, ये तो आप दायरे के सबक में पढाए थे.”

पढवले होते खरे. पण कशासाठी, ते तेव्हा आम्ही सांगितले नव्हते.

मुंबईतली पद्मिनी टॅक्सी 2023 साली रस्त्यावरून गेली. नव्या गाड्यांत ठिणगीची वेळ संगणक ठरवतो, डिस्ट्रिब्युटर राहिलेला नाही. मुलाने तो क्रम वहीत उर्दूत लिहून घेतला. उस्तादांना वाचता येत नाही. त्यांनी विचारले, “क्या लिख्या रे?”