टू-स्ट्रोक दुचाकीचा कार्बोरेटर आणि कारागिरांचे अलिखित ज्ञान : निलंगा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

मराठवाड्याच्या आधुनिक इतिहासाचे लेखन प्रामुख्याने हैदराबाद मुक्तिसंग्राम, प्रादेशिक अनुशेष, दुष्काळ, सहकार व शिक्षणप्रसार या विषयांभोवती झालेले आहे. या काळात ग्रामीण माणसाच्या हालचालीचा वेग बदलणाऱ्या दुचाकीची, आणि ती चालू ठेवणाऱ्या मेकॅनिकची, इतिहासात नोंद जवळजवळ नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथामुळे लोहार, सुतार इत्यादी बलुतेदारांच्या कामाचे स्वरूप आपणास कळते. बलुतेदारीच्या चौकटीबाहेर उदयास आलेल्या मेकॅनिकला मात्र असा नोंदकर्ता लाभला नाही. इंग्लंडमधील इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' (२००६) या ग्रंथात तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ शोधांचा न लिहिता वापराचा व दुरुस्तीचाही लिहावा, असे प्रतिपादन केले आहे. त्याच दृष्टीने प्रस्तुत लेखात टू-स्ट्रोक इंजिनाच्या कार्बोरेटरची जुळवणी या एका कौशल्याचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

इंधन व हवा यांचे योग्य प्रमाणात मिश्रण करून ते इंजिनास पुरविणे हे कार्बोरेटरचे कार्य होय. जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी १८९३ च्या सुमारास फवारा पद्धतीचा कार्बोरेटर विकसित केला. साधे टू-स्ट्रोक इंजिन इंग्लंडमधील जोसेफ डे यांच्या प्रयत्नांतून १८९० च्या आसपास आकारास आले. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व जर्मनी व चेकोस्लोव्हाकिया येथे या इंजिनाचा मोठा विकास झाला. मातीच्या वळणदार मार्गावर होणाऱ्या मोटोक्रॉस शर्यतींत २५० व ५०० सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्यांनी पुढे वर्चस्व मिळविले. अशा शर्यतीत हवामान व माती पाहून दर वेळी कार्बोरेटर नव्याने जुळवावा लागे.

मराठवाड्यात शर्यतीच्या गाड्या आल्या नाहीत. परंतु त्याच कुळातील यंत्रे आली. म्हैसूर येथील आयडियल जावा कंपनीने १९६० नंतर चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने २५० सीसीच्या जावा व पुढे येझदी या मोटारसायकली तयार केल्या. बजाज ऑटोने पुण्याजवळ आकुर्डी येथे इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्याने स्कूटर बनविल्या. हा परवाना १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ मध्ये 'चेतक' आली. एस्कॉर्ट्स कंपनीची राजदूत, १९८३ ची राजदूत ३५० आणि १९८५ ची यामाहा आरएक्स १०० ही याच मालिकेतील पुढील नावे. १९८५ मध्येच बजाजचा वाळूज येथील कारखाना सुरू झाला आणि मराठवाडा दुचाकीचा केवळ ग्राहक न राहता उत्पादकही झाला.

निलंगा परिसर : रस्ते व हवामान

निलंगा तालुका पूर्वी उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यात होता. १९८२ मध्ये लातूर जिल्हा निर्माण झाला तेव्हा तो त्यात समाविष्ट झाला. निलंगा शहर लोहमार्गावर नसल्याने लातूर, उदगीर, औराद शहाजनी वा कर्नाटकातील बिदरकडे जाण्यास रस्ता हाच आधार होता. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात खडी फोडण्याची व रस्त्यांची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. मुरूम व खडीच्या अशा रस्त्यांवरून शिक्षक, ग्रामसेवक, दूधवाले व आडत व्यापारी दुचाकीने फिरू लागले. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ आणि पावसाळ्यात चाकाला घट्ट चिकटणारा चिखल, अशा मार्गावर येझदीसारखी गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दीर्घकाळ ओढत न्यावी लागे. इंजिनावरील हा ताण मोटोक्रॉसमधील ताणाच्या जवळ जाणारा होता.

येथील हवामानाचा मिश्रणावर होणारा परिणामही लक्षात घेतला पाहिजे. लातूर जिल्ह्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० ते ६४० मीटर उंचीवर आहे. पुण्याची उंचीही साधारण एवढीच असल्याने आकुर्डीच्या स्कूटरला येथे उंचीचा फरक जाणवत नसे. फरक होता तो ऋतूचा. जानेवारीच्या पहाटे १२ अंश आणि मे महिन्यात दुपारी ४२ अंश तापमान धरल्यास हवेच्या घनतेत सुमारे नऊ ते दहा टक्क्यांचा फरक पडतो. त्यामुळे तोच जेट ठेवल्यास मिश्रणाच्या प्रमाणात सुमारे पाच टक्के बदल होतो. उन्हाळ्यात मिश्रण दाट आणि थंडीत ते पातळ होते. मे महिन्यात बेताने जुळविलेली गाडी जानेवारीत धोक्याच्या सीमेवर येऊ शकते, ती यामुळेच.

जुळवणीचे तंत्र

या कार्बोरेटरमध्ये थ्रॉटल किती उघडला आहे त्यानुसार वेगवेगळ्या भागांची सत्ता चालते. इंजिन संथ चालू असताना पायलट जेट व हवेचा स्क्रू, थ्रॉटल थोडा उघडताच सरकत्या झडपेचा तिरका काप, मधल्या टप्प्यात सुई व तिची क्लिप, आणि शेवटच्या चतुर्थांशात मेन जेट मिश्रण ठरवितो. गाडी कोणत्या वेगाला अडखळते हे ऐकून नेमक्या कोणत्या भागास हात लावावयाचा हे ठरविणे हाच या कौशल्याचा गाभा होय. भरधाव चालवून क्लच दाबीत इंजिन एकदम बंद करावयाचे व प्लग काढून पाहावयाचा, ही त्याची परीक्षा होती. प्लग पांढरट असल्यास मिश्रण पातळ, काळा व तेलकट असल्यास दाट आणि कॉफीच्या रंगाचा असल्यास योग्य मानले जाई.

टू-स्ट्रोक इंजिनात ही बाब अधिक गंभीर ठरते, कारण पेट्रोलसोबतच वंगणही सिलिंडरमध्ये जाते. जुन्या बजाज स्कूटरला लिटरमागे २० मिलिलिटर तेल मिसळावे लागे. अशा इंजिनात मिश्रण पातळ झाले की उष्णता वाढते, वंगण घटते आणि पिस्टन जाम होतो. जादा तेल घातल्याने इंजिन सुरक्षित राहते, हा समजही पूर्णतः खरा नाही. तेल वाढले की त्याच जेटमधून जाणारे पेट्रोल घटते आणि मिश्रण उलट पातळ होते. धुळीने तुंबलेली हवेची जाळी मिश्रण दाट करते. ती काढून टाकल्यास मिश्रण पातळ होते आणि धूळ सिलिंडर झिजवते. सुरू न होणारी स्कूटर एका बाजूला कलती करण्याची सर्वपरिचित पद्धतही कार्बोरेटरच्या टाकीतील पेट्रोलची पातळी क्षणभर बदलण्याचाच प्रकार होती.

'ॲव्हरेज'चे अर्थकारण

मेकॅनिककडे येणाऱ्या ग्राहकाचा पहिला प्रश्न शक्तीविषयी नसून 'ॲव्हरेज'विषयी असे. लिटरमागे आणखी काही किलोमीटर मिळावेत म्हणून सुई खाली घेणे किंवा लहान जेट बसविणे हा सोपा उपाय होता. पेट्रोलची बचत रोज दिसे. जाम झालेला पिस्टन व रिबोअरचा खर्च काही महिन्यांनी येई. कोरडवाहू शेतीच्या मर्यादित रोकडीत आजची बचत उद्याच्या खर्चापेक्षा मोठी वाटणे स्वाभाविक होते. म्हणूनच जेटचा क्रमांक हा केवळ तांत्रिक आकडा नव्हता. ग्राहकाची ऐपत, मेकॅनिकची पत आणि यंत्राची सहनशक्ती यांमधील ती तडजोड होती. जाणत्या मेकॅनिकची ओळख ग्राहकाला 'याहून खाली नको' असे सांगण्यात होती.

कौशल्याचा अस्त

या इंजिनाचा दोषही तेवढाच खरा आहे. त्यात ताज्या मिश्रणाचा लक्षणीय भाग न जळताच धुराड्यातून बाहेर जातो. निळसर धूर व हायड्रोकार्बन यांचा त्रास शहरांना भोगावा लागला. भारतात १९९१ पासून उत्सर्जनाचे निकष लागू झाले आणि १९९६ व २००० मध्ये ते अधिक कडक झाले. आरएक्स १०० व येझदी यांचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले. जुनी चेतकही २००६ च्या सुमारास बंद झाली. दि. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा निकष लागू होताच बहुतेक नव्या दुचाकींत कार्बोरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. आता मिश्रणाचे प्रमाण संवेदक व संगणकीय नियंत्रक ठरवितात. चेतक हे नाव परत आले, तेही विजेवर चालणाऱ्या स्कूटरवर.

हा बदल सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक होता. परंतु त्याची किंमत कोणी मोजली, हा इतिहासाचा प्रश्न उरतोच. प्लगच्या रंगावरून व इंजिनाच्या आवाजावरून निदान करणाऱ्या मेकॅनिकचे ज्ञान प्रमाणपत्रावर नव्हते. म्हणून ते निरुपयोगी झाले तेव्हा त्याची भरपाई वा पुनर्प्रशिक्षण हा धोरणाचा विषय क्वचितच झाला.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येते की, कारखान्यात तयार झालेले यंत्र निलंग्यासारख्या गावी पोचल्यावर पूर्ण होत नव्हते. तेथील धूळ, ऋतू व ऐपत यांच्याशी त्याचा मेळ घालून मेकॅनिक ते पूर्ण करीत असे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात या दुसऱ्या निर्मितीस स्थान मिळाले पाहिजे. हे ज्ञान ज्यांच्या हातांत होते ती पिढी आज वृद्धत्वाकडे झुकली आहे. तालुक्याच्या महाविद्यालयांतील इतिहास विभागांनी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या साहाय्याने या कारागिरांच्या मुलाखती, अवजारे, जेटचे संच व हिशेबाच्या वह्या यांचे संकलन हाती घ्यावे. गावगाड्यातील लोहाराचे काम समजून घेण्यास आपणांजवळ निदान एक ग्रंथ आहे. बसस्थानकाजवळच्या गॅरेजसाठी तो अजून लिहावयाचा आहे.