भक्ष्य-भक्षक समीकरणे

एक जीवजाती दुसरीवर उपजीविका करीत असता दोहोंच्या संख्येत कालमानाने होणारे बदल दर्शविणारी अवकल समीकरणांची जोडी. ॲल्फ्रेड जेम्स लॉटका (१८८०–१९४९) व व्हीतो व्होल्तेर्रा (१८६०–१९४०) यांनी ती स्वतंत्रपणे मांडली, म्हणून तीस लॉटका-व्होल्तेर्रा समीकरणे असेही म्हणतात. मत्स्यव्यवसाय व कीड नियंत्रण यांसंबंधीच्या गणितीय प्रतिकृतींचा ती पाया होत. त्यांतून निघणारा एक निष्कर्ष कीटकनाशकांच्या वापरास थेट लागू पडतो. तथापि त्याचे मर्म शेतीच्या व्यवहारात उतरण्यास सुमारे अर्धशतक लागले.

पूर्वेतिहास : लोकसंख्या भूमितीय श्रेढीने वाढू पाहते, असे टॉमस रॉबर्ट मॅल्थस यांनी १७९८ मध्ये प्रतिपादिले. बेल्जियन गणितज्ञ प्येअर फ्रांस्वा व्हेरहुल्स्ट यांनी १८३८ मध्ये या वाढीस मर्यादा घालणारे पद समीकरणात आणले. ही दोन्ही विवेचने एकाच जातीपुरती होती. लॉटका यांचे लक्ष प्रथम रासायनिक विक्रियांतील आंदोलनांकडे गेले. वनस्पती व तिच्यावर जगणारा प्राणी यांच्या संख्यांतही तशीच आंदोलने संभवतात, असे त्यांनी १९२० मध्ये दाखविले व १९२५ मध्ये भौतिकीय जीवविज्ञानावरील आपल्या ग्रंथात या विषयाचे विवेचन केले.

व्होल्तेर्रा यांना या विषयाकडे वळविले ते त्यांचे जामात, प्राणिशास्त्रज्ञ ऊंबेर्तो दांकोना यांनी. ॲड्रिॲटिक समुद्रालगतच्या मासळीबाजारांतील आकडे तपासताना त्यांस एक विलक्षण गोष्ट आढळली. फ्यूमे (आजचे क्रोएशियातील रिएका) येथील बाजारात मुशी, पाकट इ. भक्षक उपास्थिमत्स्यांचे प्रमाण १९१४ मध्ये सुमारे १२ टक्के होते. ते १९१८ मध्ये ३६ टक्क्यांवर गेले व १९२३ मध्ये पुन्हा ११ टक्क्यांखाली आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात मासेमारी मंदावली होती. मासेमारी घटल्याचा लाभ सर्वच माशांस व्हावा. मग तो भक्षकांसच अधिक का व्हावा, हा प्रश्न होता. व्होल्तेर्रा यांनी त्याचे उत्तर १९२६ मध्ये प्रसिद्ध केले.

समीकरणांचे स्वरूप : भक्ष्यांची संख्या क्ष व भक्षकांची य मानू. भक्षक नसता भक्ष्य अ या दराने वाढते. दोहोंच्या गाठी क्ष व य यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात पडतात, म्हणून भक्ष्याच्या वाढीचा वेग अक्ष − बक्षय इतका होतो. भक्ष्य नसता भक्षक ग या दराने घटतात; भक्ष्य मिळाल्यास त्यांच्या बदलाचा वेग घक्षय − गय असा होतो. भक्ष्य वाढले की काही काळाने भक्षक वाढतात, त्यामुळे भक्ष्य घटते व मग उपासमारीने भक्षकही घटतात. हे चक्र अखंड चालते. एका पूर्ण चक्रातील सरासरी मात्र ठरलेली असते : भक्ष्याची ग/घ व भक्षकाची अ/ब.

आता दोन्ही जाती म या सारख्याच दराने मारल्या, तर अ च्या जागी अ − म व ग च्या जागी ग + म येते. म हा अ पेक्षा लहान असेल तोवर भक्ष्याची सरासरी (ग + म)/घ म्हणजे पूर्वीपेक्षा जास्त व भक्षकाची (अ − म)/ब म्हणजे पूर्वीपेक्षा कमी होते. अर्थात दोहोंस सारखाच मारा केला असता भक्ष्याची सरासरी वाढते. यास व्होल्तेर्रा तत्त्व म्हणतात. मासेमारी थांबली की याच्या उलट घडते. ॲड्रिॲटिकमधील आकड्यांचा उलगडा त्यांनी असा केला.

प्रायोगिक पडताळा : मॉस्को येथील गिऑर्गी गाउझे यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नळीतील भक्षक आदिजीवांनी सर्व भक्ष्य फस्त केले व नंतर ते स्वतःही नष्ट झाले, बाहेरून अधूनमधून दोन्ही जातींची भर घातली तेव्हाच आंदोलने दिसली. कॅलिफोर्नियातील कार्ल हफेकर यांनी १९५८ मध्ये संत्री व रबरी चेंडू मांडून, मध्ये व्हॅसलिनचे अडथळे घालून कोळी वर्गातील भक्ष्य व भक्षक माइटांची सलग काही आंदोलने घडवून आणली. विखुरलेला अधिवास व लपण्याच्या जागा यांवर सहजीवन अवलंबून असते, हे त्यावरून दिसले. मूळ समीकरणांत यांचा विचार नाही. भक्षकाची भूक भागते हेही त्यांत गृहीत नाही. ही दुसरी उणीव सी. एस. हॉलिंग यांच्या १९५९ मधील कार्याने दूर झाली.

शेतीतील प्रत्यय : कॅलिफोर्नियातील लिंबूवर्गीय फळबागा उद्ध्वस्त करणारी खवले कीड १८८८-८९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणलेल्या वेडालिया या ढालकिड्याने आटोक्यात आली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे डीडीटी फवारले जाऊ लागताच ढालकिडे मेले व कीड पुन्हा उसळली. येथे विषाचा मारा भक्षकावर अधिक झाला. पण तो दोहोंवर समान असता तरी भक्षकाचीच हानी झाली असती, हे व्होल्तेर्रा तत्त्वाचे सांगणे आहे. आग्नेय आशियात १९७० नंतर भातावरील तपकिरी तुडतुड्यांचे उद्रेक वाढले, त्यांतही फवारणीने कोळ्यांसारखे नैसर्गिक शत्रू मरणे हे एक प्रमुख कारण आढळले. तुडतुड्यांची अंडी पर्णावरणाच्या ऊतकांत सुरक्षित राहत. इंडोनेशियाने १९८६ मध्ये ५७ कीटकनाशकांचा भातावरील वापर बंद केला व एकात्मिक कीड नियंत्रण हे राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारले.

हे धोरण शेतातील निरीक्षणांतून आले, समीकरणांतून थेट नव्हे. प्रतिकृतीने किडीचा नेमका आकडा सांगता येत नाही, कारण हवामान, पिकाची अवस्था व स्थलांतर यांचा तीत समावेश नसतो. संगणकावर चालणाऱ्या आधुनिक प्रतिकृतींत या गोष्टी घेतल्या जातात. किडीबरोबर तिचा शत्रूही मरत असेल, तर किती किडी मेल्या यापेक्षा मागे कोण उरले हे पाहावे लागते, हा मूळ समीकरणांचा बोध मात्र त्यांतही कायम आहे.