कोळशाची बोलकी रेघ

माहेरच्या पत्राचे अक्षर पाहताच लिहिणारी घाईत होती की उदास, हे आपण ओळखतो. मजकूर मागाहून वाचतो. माणसाच्या चित्रातली रेघही अशीच बोलते. हे मला उमगले ते केटे कोलविट्झ या जर्मन चित्रकर्तीमुळे. भगिनींना त्यांची ओळख करून द्यावी म्हणून हे चार शब्द.

कोलविट्झबाईंचा जन्म १८६७ सालचा. पती डॉक्टर, बर्लिनच्या कामगार वस्तीत त्यांचा दवाखाना होता. तेथे येणाऱ्या श्रमलेल्या बायका बाईंनी जवळून पाहिल्या, आणि त्याच चित्रांत आल्या. विणकऱ्यांच्या उठावावरील त्यांची चित्रमाला १८९८ साली प्रदर्शनात गाजली. परीक्षकांनी सुवर्णपदक सुचविले, कैसरने ते नाकारले.

१९०३ साली त्यांनी मृत मुलाला कवटाळणारी आई काढली. सात वर्षांच्या पेटरला मांडीवर घेऊन, आरशात पाहून त्यांनी त्याची तयारी केली होती. त्या आईच्या अंगावरच्या रेघा खरखरीत आहेत. सुबकपणा मुद्दामच टाळला आहे. पुढे ऑक्टोबर १९१४ मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, पेटर बेल्जियममध्ये युद्धात मारला गेला.

१९१९ साली त्या प्रशियाच्या कला अकादमीवर निवडून आल्या. १९३३ साली नाझी सत्तेवर येताच त्यांना ते पद सोडावे लागले. त्याच वर्षीचे त्यांचे कोळशातले आत्मचित्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. त्यात चेहरा नीट घडविलेला, कोळसा धरलेला पंजाही स्पष्ट. पण खांद्यापासून मनगटापर्यंत काय? कोळशाची कांडी आडवी धरून ओढलेले, नागमोडी, जोरकस फटकारे! बाहीच्या चुण्या नाहीत, कोपराचा बारकावा नाही.

कोणी म्हणेल, हात अर्धवट राहिला. मला तसे वाटत नाही. बाहीचा बारकावा रेखाटला असता, तर हात नुसता दिसला असता. येथे तो काम करताना दिसतो. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, मानमरातब हिरावला गेला असता, ‘मी अजून काढते आहे’ एवढेच ती रेघ सांगते.

२२ एप्रिल १९४५ रोजी, युरोपातले युद्ध संपण्यास अवघे सोळा दिवस उरले असता, त्या वारल्या.

एखाद्या प्रदर्शनात असे ‘अपुरे’ चित्र दिसले, तर भगिनींनो, लगेच पुढे जाऊ नका. ती रेघ आपल्या बोटाने हवेत ओढून पाहा. काढणाऱ्याचा हात कुठे थबकला, कुठे जोर करून गेला, हे आपल्याच हाताला कळेल.