धूळपाटी आणि बंदूक

अक्षर गिरवावयास बसलेल्या मुलाच्या हातीं पंतोजी पहिल्याच दिवशीं कोरा कागद देत नसत. आधीं धूळपाटी, मग दगडी पाटी, आणि हात वळला म्हणजे कागद. कागद खर्चतो, पाटी पुसतां येते. हाच विचार शस्त्रविद्येंत कसा शिरला, तें आज सांगावयाचें आहे.

ब्रिटिश सैन्यानें १८७१ सालीं मार्टिनी-हेन्री बंदूक स्वीकारली. तिचें काडतूस मोठें, धक्का जबर आणि मारा लांबचा. नवशिक्या शिपायास सरावाकरितां अशीं काडतुसें रोज देणें खजिन्यास जड. शिवाय चांदमारीस विस्तीर्ण मैदान हवें. तेव्हां रिचर्ड मॉरिस याची युक्ति १८८० नंतरच्या दशकांत प्रचारांत आली. मूळ नळींत बारीक नळी सरकवावयाची. मग त्याच बंदुकींतून लहानसें, स्वस्त काडतूस उडे. नळी काढली कीं बंदूक पूर्ववत्. बंदूक तीच, घोडा तोच, खर्च मात्र थोडा.

.२२ इंची काडतूस अमेरिकेंत स्मिथ आणि वेसन यांनीं १८५७ सालीं विक्रीस आणलें होतें. त्याचा आज रूढ असलेला लांब प्रकार १८८७ चा. बोअर युद्धांत (१८९९–१९०२) शेतकऱ्यांच्या अचूक नेमाचा प्रसाद मिळाल्यावर इंग्लंडांत या बारीक गोळीचे क्लब भराभर निघाले.

पिस्तुलांचीहि हीच गोष्ट. .४५५ च्या वेब्ली रिव्हॉल्व्हरमध्यें .२२ ची गोळी चालविण्याचें साहित्य निघालें. अमेरिकेंत कोल्ट कंपनीनें आपल्या .४५ पिस्तुलाचा .२२ अवतार १९३१ सालीं काढला. परंतु त्यांत एक उणीव राहिली: बारीक गोळीचा धक्का अगदींच हलका. अशा सरावावर विसंबलेल्याचा हात खऱ्या पिस्तुलाच्या हिसक्यानें डळमळावयाचा. डेव्हिड मार्शल विल्यम्स यानें मागें सरकणारी लहानशी कोठी योजून तो धक्का वाढविला, आणि १९३८ सालीं कोल्टनें जुन्या .४५ पिस्तुलावर चढवावयाचा संचच बाजारांत आणला. पाटीवरील सराव कागदावर उपयोगी पडावयाचा, तर पेन्सिलीलाहि लेखणीचें कांहीं वळण हवें, हें त्या कारागिरानें ओळखलें.

आपल्याकडे मात्र ही स्वस्ताई घरोघर पोंचली नाहीं. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें सामान्य हिंदी माणसास परवान्यावांचून बंदूक बाळगण्याची मनाई होती. युरोपियनांस मात्र सवलत. जेथें बंदूकच हातीं नाहीं, तेथें स्वस्त काडतुसाचा उपयोग काय? स्वातंत्र्यानंतर, १९४८ सालीं राष्ट्रीय छात्रसेना निघाली आणि .२२ ची रायफल कॉलेजांतील विद्यार्थ्यांच्या हातीं आली. १९५९ च्या नव्या कायद्यांतहि परवाना सुटला नाहीं. शस्त्राचें असें रूपांतर करण्याच्या धंद्यासहि तो लागतो.

आमच्या कवठे महांकाळाहून कोल्हापूर कांहीं फार दूर नाहीं. त्या जिल्ह्यांतील तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिकला जगज्जेती झाली. राही सरनोबतनें २०१८ च्या आशियाई सामन्यांत सुवर्णपदक घेतलें. स्वप्निल कुसाळेनें २०२४ सालीं पॅरिसला ऑलिंपिकचें कांस्यपदक मिळविलें. तिघांचीहि गोळी .२२ चीच. सरावाकरितां निघालेली ही धूळपाटी आतां स्वतःच परीक्षेचा कागद झाली आहे. तथापि सरकारी नोकर वा शेतकरी यांच्या मुलास रोज शंभर गोळ्या परवडतील काय, हा मॉरिसच्या काळचा प्रश्न आजहि उभा आहे. आणि पुढचा नेमबाज कोणत्या घरांतून निघेल, तें त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.